छत्री उघडली

यंदाचं हरीण आपलंच, असं व्हर्लिन टेस्मरने भर उन्हाळ्यातच जाहीर करून टाकलं होतं. बाणाची टोकं निवडण्यात त्याने सगळ्या सुट्ट्या घालवल्या. विस्कॉन्सिनातल्या त्या गावात बाकीचे शिकारी पक्क्या पात्यांची जाड टोकं वापरत. व्हर्लिनने मिटत्या पात्यांची घेतली. उडताना पाती अंगाशी मिटलेली राहायची आणि हरणाला लागताक्षणी उघडायची.

"छत्री आहे ही," त्याचे सासरे हार्लन म्हणाले. "पावसाची वाट बघा, जावईबापू."

"बाण सरळ जातो हिने."

"जाईल की. उघडेल का, ते सांगा." हार्लननी गुडघा चोळला. "मला आता ओकच्या झाडावरच्या मचाणावर चढवत नाही. शनिवारी तुम्ही चढा. छत्रीने हरीण आणलंत तर मचाण तुमचं. नाहीतर आर्डिसचं."

आर्डिस म्हणजे धाकटी मेव्हणी. ती टोकं निवडत बसत नसे, हरणं आणत असे.

शुक्रवारी संध्याकाळी कळलं, पाती मिटून धरणारी रबरी कडी संपली आहेत. दुकानही बंद. व्हर्लिनने मुलीच्या दातांच्या तारांना लावायचं एक बारीक रबर उचललं. ते असं चपखल बसलं की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. त्याच्या जाकिटाला हरणाला लांबूनच येईल असा भाजलेल्या सॉसेजचा वास होता, म्हणून पहाटे त्याने बायकोचं पिसं भरलेलं जाकीट चढवलं.

"फाडू नकोस," जोअ‍ॅन पांघरुणातून म्हणाली. "बाबांनी दिलंय."

"अगं, झाडावर बसायला चाललोय, कुस्ती खेळायला नाही."

मचाणावरून पाहिलं तर जग अजून पुरतं तयार झालेलं नव्हतं. खाली नुसतं धुकं. ओकचं एखादं फळ पडे आणि त्याचा आवाज धुक्यातच मुरून जाई. व्हर्लिन बाण लावलेलं धनुष्य मांडीवर घेऊन बसला. आपण जागे आहोत की नाही, याची त्याला खात्री नव्हती. मग धुक्याचाच एक तुकडा दाट झाला, त्याला शिंगं फुटली आणि तो चालत मचाणाखाली आला.

एवढा मोठा नर त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने धनुष्य उचललं.

टक्.

थंडीने ताठरलेलं रबर तुटलं. पाती उघडली, व्हर्लिनने दचकून हात मागे घेतला आणि जाकिटाची बाही कोपरापासून खांद्यापर्यंत चिरली गेली. नराने मान वर केली.

पिसं निघाली. एक, मग मूठभर, मग सगळीच. ती घाई न करता खाली उतरू लागली. आत्ताच बर्फ कसा, अशा चेहऱ्याने नर बघत राहिला. व्हर्लिनही बघत राहिला. बाण सोडायचा असतो, हे त्याला आठवलंच नाही. एक पीस नराच्या नाकावर टेकलं. तो शिंकला आणि सावकाश निघून गेला.

रस्त्यावर हार्लन गाडीत कॉफी पीत बसले होते.

"आत्ता एक नर रस्ता ओलांडून गेला," ते म्हणाले. "शिंगांवर पिसं होती. म्हटलं, डोळे तपासायला हवेत."

"डोळे ठीक आहेत तुमचे."

"उघडली का छत्री?"

"उघडली."

हार्लननी बाहीच्या चिरीवरून अंगठा फिरवला. जाकीट ओळखलं.

"काप सुरेख आहे," ते म्हणाले. "आर्डिसला दाखवू. मचाणही तिलाच दाखवू. जोअ‍ॅनला मात्र तुम्हीच सांगा."

व्हर्लिन काहीतरी उत्तर देणार होता, पण त्याला शिंक आली.