सुळोजीसाठी सभ्य पातं

एका जंगलात वाघ नव्हता. दचकू नका मुलांनो, पूर्वी होता. पण त्याला बघायला माणसं फार यायला लागली, तेव्हा तो कंटाळून दुसरीकडे राहायला गेला. मागे त्याच्या नावाची पाटी तेवढी उरली. माणसं आता पाटीपाशी उभं राहून फोटो काढत.

वाघ गेल्यावर रानडुकरांचं बरं चाललं. अंधार पडला की कडेच्या शेतांत शिरायचं, रताळी उकरायची, भुईमूग उपटायचा आणि ढेकर देत परत यायचं. या सगळ्यांचा पुढारी सुळोजी. अंगानं दांडगा, बोलायला मऊ. त्याची बायको भागाबाई. ती बोलायला अजिबात मऊ नव्हती.

गावकरी रडत राजाकडे गेले. राजानं उदाजीरावांना बोलावलं.

उदाजीराव म्हणजे राज्यातले नामांकित धनुर्धर. नेम असा, की झाडावरची हवी ती चिंच बाणानं खाली पाडत. आणि मन इतकं हळवं, की मग झाडाला विचारत, लागलं नाही ना?

राजा म्हणाला, सुळोजीला मारा. उदाजीराव म्हणाले, मारतो, पण सभ्यपणे. जनावर तडफडता कामा नये. बाण एकच सोडीन. आणि तो चुकलाच, तर त्या जनावराच्या वाटेला जन्मात जाणार नाही. राजाला सभ्यपणातलं फारसं कळत नव्हतं. तो हो म्हणाला.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं धनुष्य उचललं असतं. उदाजीरावांनी पेटी उचलली. पेटीत मखमल आणि मखमलीवर बाणांची पाती. ती घेऊन ते थेट जंगलाच्या सभेत आले. ज्याला बाण लागायचा त्याला न विचारता पातं निवडणं त्यांना रानटीपणाचं वाटत होतं.

मुलांनो, जंगलातल्या प्राण्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ते हरखूनच गेले. का मारता, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लगेच समिती नेमली गेली. कोल्हा अध्यक्ष झाला, कारण सभेत शेपूट बाजूला फुलवून ठेवून ती कुरवाळत बसणं त्याला फार शोभायचं. साळिंदराच्या अंगभर टोकंच टोकं, म्हणून तो तज्ज्ञ. ससा जनतेतर्फे. सुळोजीला लाभार्थी म्हणून घेतलं.

"पण मला काही लाभ होणार नाहीये," सुळोजी म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले की योजनांमध्ये हाच शब्द असतो, तो बदलणं आपल्या हातात नाही.

पहिल्याच बैठकीत उदाजीरावांनी एक अरुंद, दुधारी पातं काढलं. खडकावर कलिंगड ठेवलं. बाण सुटला तो कलिंगडाच्या बरोबर मधोमध. दोन फोडी अशा अलगद वेगळ्या झाल्या की आतल्या बियांनाही पत्ता लागला नाही. समितीनं टाळ्या वाजवल्या. सुळोजीनंही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. फोडी भागाबाईनं उचलल्या. बाकी कुणाला ते सुचलं नव्हतं.

घरी सुळोजी रताळ्याला तोंड लावेना. "भागे, आता पोरांना तूच सांभाळ," तो म्हणाला.

"आजवर कोण सांभाळत होतं?" भागाबाई म्हणाली. "ते राहू दे. सभेत टाळ्या कसल्या वाजवता? लाभार्थी आहात ना? मग काहीतरी तक्रार करा."

पुढच्या बैठकीत सुळोजी उभा राहिला. म्हणाला, पातं सुरेख आहे, पण अरुंद आहे. जखम बारीक होईल. मी मरायला वेळ लावीन. सैरावैरा धावीन, कोवळी रोपं तुडवीन, समितीचाही खोळंबा होईल. उदाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका विचार आपल्या गुरूंनीही कधी केला नव्हता, असं त्यांनी सभेला सांगितलं. आणि ते रुंद पातं करून घेऊन आले.

त्या पात्यानं कलिंगडाच्या कडेचा नुसता टवका उडवला. उदाजीराव म्हणाले, कलिंगडाचा आकार सदोष आहे. समितीनं कलिंगडाचा निषेध केला.

भागाबाई मात्र ते घरी नेऊन सगळीकडून बघत बसली. जिच्या नवऱ्याच्या अंगात बाण शिरायचा असतो, मुलांनो, ती बाई कलिंगडसुद्धा नीट बघते.

"अहो, परवाचं मधोमध फुटलं होतं. आज कडेला लागलंय. पातं रुंद झालं ना, की वारा त्याला धरून ओढतो. केळीच्या पानाला ओढतो तसा."

"मग मी काय करू?"

"आणखी रुंद मागा."

इतक्यात एक संकट आलं. शहरातल्या एका कारागिरानं मिटणारं पातं बनवून पाठवलं. हवेतून जाताना ते कळीसारखं मिटलेलं राहायचं आणि आत घुसलं की छत्रीसारखं उघडायचं. वाऱ्याला धरायला काही सापडायचंच नाही. कलिंगड पुन्हा मधोमध फुटलं. साळिंदर तर त्या पात्याच्या प्रेमात पडला. आता मतदान घ्यायचं, एवढ्यात सुळोजीनं हळूच हात वर केला.

"रावसाहेब, तुमच्याकडे छत्री आहे?"

"आहे."

"पावसात ऐन वेळी उघडते?"

मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या डोक्यावर धरलेली छत्री उदाजीरावांना आठवली असावी. ते हळू आवाजात म्हणाले, हे जर तुमच्या आत गेल्यावर उघडलं नाही, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. आणि त्यांनी ते पातं पेटीत टाकून दिलं. साळिंदर त्या दिवशी कुणाशी बोलला नाही.

मग पाती रुंदच होत गेली. आधी विड्याच्या पानाएवढी आली. तो बाण कलिंगडाला वळसा घालून झाडीत शिरला. तो शोधून आणून समितीनं तपासला. धारेवर एक खाच नाही. कुठं लागलाच नव्हता, तर खाच पडेल कशी? पण शेरा मिळाला 'अत्युत्तम'. भागाबाईला त्या दिवशी अख्खं कलिंगड मिळालं.

शेवटी चार पंखांचं, पळसाच्या पानाएवढं पातं तयार झालं. धार बघायला उदाजीराव रोज त्यानं हातावरचे केस काढत. दोन्ही हात गुळगुळीत झाले, तेव्हा सशानं आपले कान पुढं केले. साळिंदर म्हणाला, हे एकदा कलिंगडावर सोडून बघू या का? उदाजीराव दुखावले.

"कलिंगडावर बोथट केलेलं पातं मी सुळोजींना मारू? त्यांना काय वाटेल?"

अध्यक्षांनी साळिंदराला माफी मागायला लावली. सराव उदाजीराव जुन्याच अरुंद पात्यांनी करत राहिले. चिंचा धडाधड पडत राहिल्या.

ठरलेला दिवस उजाडला. एका बाजूला गाव, एका बाजूला जंगल, मध्ये मान्यवरांच्या खुर्च्या. अध्यक्ष कोल्हा पहिल्या खुर्चीत, शेपूट ऐटीत बाहेर काढून. सुळोजीनं उभं राहायला उघडी टेकडी मागून घेतली होती. तिथं वारा भन्नाट. जागा भागाबाईनं निवडली होती. ती पोरांना घेऊन दगडाआड बसली होती.

सुळोजी आडवा उभा राहिला. पातं दुरूनसुद्धा चमकत होतं. त्याला पळावंसं वाटलं.

"हलू नका," दगडाआडून भागाबाई म्हणाली. "हललात तर लागेल."

उदाजीरावांनी डोळे पुसले, नेम धरला आणि बाण सोडला. बाण आधी सुळोजीकडे निघाला. मग वाऱ्यानं त्याच्या पंखांना धरलं. मग त्याचा विचार बदलला. तो थोडा उजवीकडे गेला, बराच डावीकडे गेला आणि मान्यवरांच्या दिशेनं वळला.

सगळे माना वळवून बाण शोधायला लागले.

"झालं का?" अध्यक्षांनी विचारलं आणि शेपूट कुरवाळायला हात नेला. शेपूट खुर्चीखाली पडली होती.

उदाजीराव धावत आले. "दुखलं?"

"नाही हो. काहीच कळलं नाही," कोल्हा म्हणाला. आणि मग मोठ्यानं रडायला लागला.

"ऐकलंत?" उदाजीराव लोकांकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "काडीची वेदना नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रयोग यशस्वी ठरला. राजानं उदाजीरावांना शाल दिली. एक गावकरी मागून म्हणाला, पण डुक्कर तर तिथंच उभं आहे. त्याला सांगण्यात आलं की तुला यातलं तत्त्व कळलेलं नाही.

शब्द दिल्याप्रमाणे उदाजीराव पुन्हा सुळोजीच्या वाटेला गेले नाहीत. हल्ली शेजारच्या जंगलांत अशा समित्या निघतात, तेव्हा सुळोजीला तज्ज्ञ म्हणून बोलावतात. तो जातो. भागाबाईला बरोबर नेतो. मानधन म्हणून ते फक्त कलिंगड घेतात, आणि तेही चाचणी झाल्यावरचं.

तात्पर्य, ज्यांना हवं त्यांच्यासाठी: मारणाऱ्याचं मन हळवं असेल तर त्यानं पातं फार विचार करून निवडावं. मरणाऱ्याला जगायचं असेल तर त्यानं या विचारात मनापासून मदत करावी. आणि अध्यक्ष व्हायचंच असेल, तर शेपूट आवरून बसावं.