वेलांटी आधी, अक्षर मागून

या, असे जवळ सरका. लांबून ऐकायची ही गोष्ट नव्हे. आणि काय हो, जळगावपर्यंत येता, बाजार करता, लग्नं जेवता, अन् असोदा तिथून हाकेच्या अंतरावर असून तोंड दाखवत नाही? शोभतं का हे? बरं, रागावत नाही. ऐका तर.

आमच्या गल्लीत सकाळी सकाळी 'टिंग' असं ऐकू आलं तर ती कुठल्या देवळाची घंटा नव्हे. शेजारची फैजपूरवाली भाकरी थापत असते. फैजपूरवाली म्हणजे बापूची बायको. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावानं ओळखतात. मी एवढी म्हातारी झाले, नातवंडं मला अक्का म्हणतात, पण सासरी अजून रावेरवालीच आहे.

लग्न झालं तेव्हा ही जळगावात टायपिस्ट होती. पहिला मुलगा झाला तेव्हा सासू म्हणाली, दूध सुटेपर्यंत थांब. दूध सुटलं तर म्हणाली, चालायला लागेपर्यंत थांब. मग चिंगी झाली. असं थांबता थांबता आठ वर्षं गेली. कचेरीतल्या तिच्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसलं.

खुर्ची गेली, पण बोटं काही बसेनात. ही भाकरीवर टाईप करायची, पाटावर करायची, विहिरीच्या काठावर करायची. मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजते म्हणे, अन् मग गाडा सर्रकन परत सारायचा. ही ती घंटी तोंडानं वाजवायची. भाकरी फिरली की टिंग. धुण्याचा पिळा झटकला की टिंग.

एकदा सासूचे पाय चेपताना तिनं नडगीवर अख्खा अर्ज टाईप केला. सासू ओरडली, "वं रावेरवाली, पाह्य वं! पाय चेपते का तबला वाजोते ही?" मी गेले तर ही शांतपणे म्हणते, "आत्याबाई, झालंच. सही राहिली फक्त." अन् टाचेवर अंगठा दाबला.

आणखी एक खोड. काही विचारा, उत्तर एकच : "वेलांटी आधी, अक्षर मागून." मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते, हातानं लिहितो तसं नाही. हिनं तोच कायदा संसाराला लावला. जेवलीस का गं? "वेलांटी आधी, अक्का." म्हणजे पोरं आधी, सासू आधी, बापू आधी. अक्षर आपलं मागून, उरलंसुरलं खाणार.

चिंगी अडीच वर्षांची झाली अन् हिनं जळगावात केळीच्या गाड्या पाठवणाऱ्या एका नानांची कचेरी गाठली. नानांनी तिला वरून खाली पाहिलं. "लेकरंवाली बाई. आज याला ताप, उद्या त्याला खोकला. महिनाभर पाहतो. जमलं तर राहा, नाही तर घरची वाट."

चिंगी दुपारची माझ्याकडं. पहिल्याच दिवशी पोरगी झोपेना. मी थोपटलं, गाणं म्हटलं, गूळ दिला. गूळ खाल्ला अन् रडायला लागली, "असं नाही! आईसारखं!"

संध्याकाळी हिनं दाखवलं. पाय पसरून बसायचं, पोरीला पायांवर पालथं घालायचं, अन् दोन्ही हातांच्या बोटांनी पाठीवर : डावं, उजवं, डावं, उजवं. जरा थांबायचं. पुन्हा डावं, उजवं.

"काय लिहितेस गं हे?"

"काही नाही अक्का. सरावाचा शब्द आहे."

मीही शिकले. पोरगी पहिल्या ओळीतच गार.

पण आईला झोप कुठली? पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक, मग भरलेली बस, मग दिवसभर मशीन. परतली की माझ्या ओट्यावर टेकायची ती एक चप्पल पायात, एक हातात. "अक्का, आज उभ्या उभ्या झोपले. असोदा आलं ते कंडक्टरनं सांगितलं." बोटांना हळदीचा पिवळा अन् मशीनच्या शाईफितीचा काळा असे दोन्ही रंग. सासू शेजारच्या घरातून म्हणायची, "आली का मॅडम? भाकऱ्या पडल्या आहेत."

पंधरवडा झाला अन् घोळ झाला. नानांनी रावेरच्या व्यापाऱ्याला पत्र टाईप करायला दिलं. दुपारची वेळ, डोक्यावर पंखा, हिचा डोळा लागला. बोटं मात्र थांबली नाहीत. पत्रात उतरलं : 'आपल्या दोन गाड्या भरून उद्या पहाटे विमल विमल विमल विमल', अन् थेट कागदाच्या कडेपर्यंत विमल.

नानांनी कागद वर धरला. "गाडीत केळी भरली का विमल?" अख्खी कचेरी हसली. "अन् ही विमल कोण?"

"मी, नाना," ही म्हणाली.

संध्याकाळी ओट्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा हसत होती. हसता हसता पदर डोळ्याला गेला. "महिना भरला की नोकरी गेलीच, अक्का."

मी विचारलं, "अगं, पण स्वतःचंच नाव कशाला?"

"आठ वर्षांत कोणी घेतलं का ते? आत्याबाई फैजपूरवाली म्हणतात, हे 'ऐकलं का' म्हणतात, पोरं आई म्हणतात. मीच विसरले असते. म्हणून पोरांच्या पाठीवर रोज टाईप करून ठेवत होते."

 मी एवढी बोलणारी बाई. शेजारी राहून मला तरी कुठं ठाऊक होतं तिचं नाव? रोज दुपारी बोटांनी घेत होते, अन् तोंडानं एकदाही नाही.

महिना भरला. त्या दिवशी ही जीव मुठीत धरून गेली. परत आली ती माझ्याच ओट्यावर बसली. मी म्हटलं, "काय म्हणाले गं नाना?"

"मान वर न करता म्हणाले, 'विमलबाई, उद्या रावेरचं पत्र आधी घ्या.' नावानं हाक मारली, अक्का."

"अगं, म्हणजे नोकरी राहिली!"

पण ऐकायला ती जागी होती कुठं? खांबाला टेकून झोपली होती, चप्पल हातातच. शेजारच्या दारातून सासूची हाक आली, "फैजपूरवाली वं!" मी दाराकडं हात केला, गप म्हणून. अन् तिच्या पाठीवर हलकेच बोटं ठेवली. डावं, उजवं, डावं, उजवं.

तर आता या लवकर. केळीचं शिकरण करीन. फक्त स्टँडवर उतरलात की फैजपूरवालीचं घर विचारू नका. ते तर गल्लीतलं शेंबडं पोरही दाखवेल. विमलचं घर विचारा. कोणाला कळणार नाही. मग पुन्हा विचारा, जरा मोठ्यानं.