स्टेशनमास्तरचं खातं मी बंद केलं!

लाइव्हवाल्यांना कसं वागवावं हे गेम कंपन्यांनी भरलेल्या अख्ख्या पांग्योत कुणाला कळत असेल, तर ते मला! याला गर्व म्हणू नका, वस्तुस्थिती म्हणा.

मी प्यो चांग-ग्यू. 'काळा डोंगर' हा आमच्या कंपनीचा गेम. शंभर खेळाडू एका डोंगरावर सोडायचे, त्यांनी लपायचं, एकमेकांना टिपायचं, आणि शेवटी उरेल तो राजा. खेळणारे लाखो. त्यातले काही नुसते खेळत नाहीत, खेळता खेळता लाइव्ह जातात आणि हजारो लोक त्यांचं खेळणं बघत बसतात. या लाइव्हवाल्यांच्या तक्रारी ज्या विभागात येतात, त्याचा मी प्रमुख.

लाइव्हवाले म्हणजे मुलाकडचे वऱ्हाडी! कितीही करा, तोंड वाकडंच. एकाला सोन्याचा घोडा हवा. दुसऱ्याला डोंगराच्या सुळक्याला स्वतःचं नाव हवं. एक बाई तर म्हणाल्या, "मी लाइव्ह असताना पाऊस पाडू नका, माझ्या केसांची वाट लागते!" अहो, गेममधला पाऊस! मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "राव असो की रंक, नियम एक!" आमच्या संचालकांना, गुकसाहेबांना, हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते चांगल्या अक्षरात लिहून घेऊन माझ्या खुर्चीमागे टांगलं. मी खुर्चीत बसलो की ते बरोबर डोक्यावर यायचं. मुकुटासारखं!

माझ्या हाताखाली नाम यु-रा नावाची मुलगी आहे. हुशार, पण प्रश्न फार. एकदा म्हणाली, "साहेब, यांच्यापैकी कुणाचं लाइव्ह तुम्ही कधी बघितलंय का हो?"

"यु-रा," मी म्हणालो, "चोर पकडायला फौजदाराने आधी चोरी करून बघायची असते का?"

ती आपल्या कामाला लागली. मला वाटलं, पटलं.

तर त्या शरद ऋतूत 'स्टेशनमास्तर' नावाच्या लाइव्हवाल्याची तक्रार आली. हा चेहरा दाखवत नसे. गेममध्ये गोळी झाडायच्या आधी फलाटावरच्यासारखी घोषणा द्यायचा आणि लोक त्यावर लट्टू होते म्हणे. त्याची तक्रार अशी, की काही टगे त्याचं लाइव्ह बघून तो कुठे लपलाय ते हेरतात आणि तिथे येऊन त्याला मारतात. 'मी दरीत लपलो की पाठीमागे चौघे येऊन उभे राहतात,' त्याने लिहिलं होतं, 'पंगतीत मागच्या पंगतीवाले उभे राहतात तसे. घास गिळवत नाही.'

यु-रा म्हणाली, "साहेब, हे खरं दुखणं आहे. लाइव्हचं चित्र जरा उशिराने पोचेल अशी सोय करता येईल. डोंगरावर त्यांचं नाव झाकता येईल. मी मागेही सुचवलं होतं—"

"म्हणजे खास वागणूक!" मी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि विभागाच्या नावाने खणखणीत उत्तर धाडलं: 'सगळ्यांना पत्ते दाखवून खेळायचं आणि हरलो म्हणून रडायचं, हे शोभत नाही.'

काय वाक्य होतं! मी ते स्वतःशीच मोठ्याने दोनदा वाचलं.

त्या पठ्ठ्याने ते लाइव्हवर वाचून दाखवलं. फलाटाच्या आवाजात! लोक हसून लोळले म्हणे. आणि मग त्याने काय केलं? "मी आता विहिरीत लपतोय," अशी घोषणा केली आणि स्वतः विहिरीशेजारच्या झाडावर चढून बसला. टगे आले, एकामागून एक विहिरीत उड्या मारल्या, आणि याने वरून सगळ्यांना आरामात टिपलं. "सर्व प्रवासी सुखरूप खाली पोचले आहेत. धन्यवाद!"

आता टग्यांची तक्रार आली. आम्हाला फसवलं! मी नियम काढून बघितला. 'इतर खेळाडूंना ठरवून एका जागी जमवणे' याला बंदी होती. बंदी म्हणजे बंदी! राव असो की रंक! मी स्टेशनमास्तरचं खातं बंद करून टाकलं. माझ्या स्वतःच्या हाताने, आणि अभिमानाने.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीवर शिव्यांचा धो धो पाऊस! गुकसाहेबांनी बोलावलं. "प्यो, हे सोमवारपर्यंत शांत झालं पाहिजे. नाही झालं तर तू आणि तुझी पाटी, दोघांनाही खाली उतरवीन."

शनिवारी मात्र मला सांगजूला जायचं होतं, सासरी. वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. जावई त्या दिवशी गेला नाही तर पुढचं वर्षभर त्याने कोबीकडे बघू नये.

माझे सासरे मा सोक-ह्वान. निवृत्त रेल्वेवाले, शिस्तीचे, आणि माझ्यावर कायम नाराज. लग्नाआधी विचारलं होतं, "काय करतोस?" मी म्हणालो, "सॉफ्टवेअर." गेम म्हणालो असतो तर बायको मिळाली नसती. त्यांच्या मते गेम म्हणजे कुळाला लागलेली वाळवी! सासूबाई गेल्यापासून तर ते आणखीच कमी बोलायचे. फोनवर माझी बायको सुन-योंग विचारायची, "बाबा, जेवलात?" ते म्हणायचे, "हो." संपला फोन.

अंगणात खारवलेल्या कोबीचा ढीग होता. सासऱ्यांनी जुनी रेल्वेची टोपी घातली होती. मला वाटलं, थंडी! समोरच्या मातीच्या रांजणावर त्यांचा फोन उभा करून ठेवला होता. मला वाटलं, फोटो!

"बाबा, तब्येत कशी आहे?"

"आहे," ते मुळा कापत म्हणाले. "संध्याकाळचा माझा एक विरंगुळा होता. कुण्या गाढवाने बंद पाडला."

"कसला विरंगुळा?"

"तुला नाही कळायचं. तू सॉफ्टवेअरवाला."

मी कोपरापर्यंतचे लाल रबरी हातमोजे चढवले, अंगावर सुन-योंगने फुलाफुलांचा एप्रन बांधला, आणि कोबीच्या पानापानात तिखटाचा मसाला भरायला बसलो. इतक्यात माझा फोन वाजला. गुकसाहेब! हात तर मनगटापर्यंत मसाल्यात. सुन-योंगने स्पीकर चालू करून फोन माझ्यासमोर धरला.

"प्यो! त्या स्टेशनमास्तरचं काय केलंस?"

सासऱ्यांसमोर साहेबाचा फोन! छाप पाडायची अशी संधी पुन्हा कुठली येणार? मी छाती फुगवली. "साहेब, निश्चिंत राहा! कुणीतरी रिकामटेकडा म्हातारा आहे तो! त्याचं खातं मीच बंद केलं, या माझ्या हातांनी! आणि ते पत्त्यांचं वाक्य? तेही माझंच!"

खट्! मुळ्यावरची सुरी थांबली.

सुन-योंगने डोळे मोठे केले. मला कळेना काय झालं. सासरे सावकाश उठले. टोपी सरळ केली. रांजणावरच्या फोनकडे तोंड केलं. आणि मी जन्मात ऐकला नव्हता अशा खणखणीत, घोळदार, फलाटभर घुमणाऱ्या आवाजात म्हणाले,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! ज्या गाढवाची आपण आतुरतेने वाट पाहत होतो, ते आपल्याच अंगणात येऊन बसले आहे!"

माझ्या अंगातून वीज गेली. टोपी! विरंगुळा! गाढव! आणि रांजणावरचा फोन फोटो काढत नव्हता. गेम बंद झाला म्हणून बाबा पहिल्यांदाच चेहरा दाखवून, किमची घालतानाच लाइव्ह गेले होते! हजारो लोक बघत होते. मला. फुलाफुलांच्या एप्रनात.

कपाळावर दरदरून घाम फुटला. मी हाताने पुसला.

त्या हाताने!

अहो, सांगजूची मिरची ती! डोळ्यांत निखारे टाकल्यासारखं झालं. मी किंचाळलो. नाकाडोळ्यांतून नद्या वाहू लागल्या. उठलो, मिठाच्या पाण्याच्या टोपात पाय पडला, टोपासकट घसरलो आणि थेट सासऱ्यांच्या पायांशी गुडघ्यांवर! आंधळ्यासारखे त्यांचे पाय चाचपडत मी ओरडलो, "बाबा! माझे डोळे! माझे डोळे उघडा, बाबा!"

"काय रे?" सासरे दचकले.

"डोळे उघडा माझे! मेलो मी! मला काही दिसत नाही हो!"

माझ्या फोनवर गुकसाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "प्यो... तू रडतोयस? तो आवाज ऐकून आम्ही इथे घरी लाइव्ह लावलं. माझी बायकोसुद्धा रडायला लागली रे."

सासऱ्यांनी माझी मानगूट धरून मला नळाखाली नेलं. हातमोजे ओढून काढले. एका हाताने डोकं धरून दुसऱ्याने पाणी मारत राहिले, लहान मुलाचं तोंड धुवावं तसं. त्यांचा हात इतका वेळ माझ्या डोक्यावर पहिल्यांदाच होता.

"चोळू नकोस," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "रिकामटेकडा म्हातारा आहेच मी. खोटं काय त्यात?"

"बाबा, तसं नव्हतं..."

"ऐक. तुझी सासू गेली, आणि संध्याकाळी या घरात नळाच्या थेंबाचासुद्धा आवाज व्हायला लागला. मग शेजारच्या पोराने हा खेळ लावून दिला. लपून खेळायचो, लाजेने. अख्ख्या जगाला गेमवरून बोललोय मी! पण मग ही पोरं बघायला यायला लागली. बाबा, जेवलात का? बाबा, आज खोकला कमी आहे का? मी हरलो तरी हसतात, जिंकलो तरी हसतात. हरायचं दुःख नाही रे मला. गाड्या उशिरा येतात, तशी हारही येते. पण मी माणसं यावीत म्हणून दार उघडं ठेवलं, तर त्याच दारातून शिरून कुणी माझं ताट पळवायचं? आणि तुमच्या कंपनीने मलाच विचारायचं, की दार उघडं का ठेवलं?"

डोळ्यांतून पाणी येतच होतं. त्यातलं मिरचीचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"चूक झाली, बाबा," मी म्हणालो. "दार उघडं आहे म्हणून तर आमच्या डोंगरावर गर्दी होते. राखण आम्ही करायला हवी."

रांजणावरच्या फोनवर अक्षरांचा नुसता पाऊस पडत होता. सुन-योंगने वाकून वाचलं आणि म्हणाली, "ते विचारतायत, जावईबापूंचे डोळे बरे आहेत का."

सासरे फोनकडे वळले. "डोळे उघडले आहेत," त्यांनी घोषणा केली. "गाडी उशिरा का होईना, आली आहे!"

दुपारी उकडलेल्या मांसाबरोबर ताजी किमची खाताना त्यांनी पहिला घास कोबीच्या पानात गुंडाळून माझ्या तोंडात कोंबला. तिखट होता. मी दुसऱ्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.

सोमवारी कार्यालयात शिरलो तर सगळे उभे राहून टाळ्या! गुडघ्यांवर बसून रडणारा साहेब देशभर गाजला होता. लोक म्हणत होते, माफी मागावी तर अशी! गुकसाहेबांनी मला मिठी मारली. "प्यो, काय अंतःकरण आहे तुझं!" मिरचीचं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण मिठी फार घट्ट होती.

मग मात्र मी एक गोष्ट केली, आणि तिचा मला खरा अभिमान आहे. सगळ्यांसमोर यु-राला पुढे बोलावलं. लाइव्हचं चित्र उशिराने जाणार, डोंगरावर नाव झाकलं जाणार, लाइव्हवरून माग काढून मारणाऱ्या टग्यांना डोंगरावरून हाकलणार. सोन्याचा घोडा मात्र कुणालाही नाही! "हे सगळं यु-राचं आहे," मी म्हणालो. "मी फक्त रडलो."

स्टेशनमास्तरचं खातं त्याच दिवशी सुरू झालं. आता मी त्यांचं लाइव्ह बघतो. कामाचा भाग म्हणून थोडं खेळतोसुद्धा. थोडंच!

पुढच्या बाजाराच्या दिवशी सासऱ्यांनी मला सांगजूच्या बाजारात नेलं. मला वाटलं, पिशव्या उचलायला. पण नाही! प्रत्येक दुकानासमोर उभं राहून त्याच फलाटाच्या आवाजात घोषणा, "हा माझा जावई! गेम कंपनीत मोठा साहेब आहे!" गेम कंपनीत! माझ्या सासऱ्यांच्या तोंडून! मी इतका फुगलो की कोटाची बटणं ताणली गेली.

मासे विकणाऱ्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगबाई, म्हणजे खाती बंद करणारे ते तुम्हीच?"

"हो, म्हणजे... आता तसं नाही करत."

"अहो, असं काय करता! आमच्या ह्यांचं तेवढं बंद करा ना! सकाळपासून त्या मेल्या डोंगरावर बसलेले असतात. दुकान मी एकटीने बघते!"

"माझ्या दिराचंही करा हो, साहेब!" शेजारची भाजीवाली पुढे सरसावली.

"आणि आमच्या थोरल्याचं!"

बघता बघता माझ्यासमोर बायकांची रांग लागली. मी हात जोडून प्रत्येकीला समजावत होतो, की नियमात बसत नाही, खेळणाऱ्यांचीही काही बाजू असते, माझे डोळे आता उघडले आहेत. समजावत समजावत रांगेच्या टोकाशी पोचलो, तर तिथे हाताची घडी घालून सुन-योंग उभी!

"अगं, तू? बाबांचं नको ना बंद करायला लावूस! किती खूश आहेत ते!"

"बाबांचं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "तुझं!"