गल्ली विभक्त झाली

"उद्या पेपर हाय अन् तू मांजरीवानी घरभर फिरून राह्यला," किसनरावांनी पोराला सुनावलं. "बस ना बे एका जागी."

बसणं हेच तर प्रसेनजितला जमत नव्हतं. एक ओळ वाचली की तहान लागायची, दुसरी वाचली की पंखा हळू फिरतोय असं वाटायचं. अकरावीत सगळ्या विषयांत निघाला आणि एकट्या समाजशास्त्रात अडकला. आता फेरपरीक्षा. यातही गचकला तर जळगाव जामोदला मामाच्या मंडपाचे बांबू वाहायचे, हे बापानं सांगून ठेवलं होतं. मामालाही माणूस हवाच होता. तो फोन करकरून विचारायचा, "पोरगं कवा पाठवता?"

संयुक्त कुटुंब आणि विभक्त कुटुंब यातला फरक काही केल्या डोक्यात टिकेना. सर म्हणाले होते, पाठ होत नसेल तर आजूबाजूची उदाहरणं बघा. घराबाहेर पडायला एवढं निमित्त पुरे होतं. त्यानं परीक्षेचं पॅड काढलं, त्याला कोरा कागद लावला. कॉलेजचं ओळखपत्र आईनं सकाळीच गळ्यात अडकवलं होतं, उद्या विसरायला नको म्हणून. तसाच निघाला.

शेजारच्या तानाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या.

"आजी, तुमचं कुटुंब संयुक्त हाय का विभक्त?"

"म्हंजे काय बापा?"

"पोरं-सुना एकात खातात का येगयेगळे?"

"एकातच. एका चुलीवर." आजींनी ताठ मानेनं सांगितलं. मग त्यांची नजर पॅडवर गेली, तिथून ओळखपत्रावर. "काऊन रे? घरकुलाचा सर्वे हाय का?"

"नाही आजी. माहा अभ्यास हाय."

"हाव, हाव," आजी डोळे बारीक करून म्हणाल्या. "सांगू नको म्हनलं असंन वरून."

प्रसेनजित पुढच्या दारात पोचतो न पोचतो, तोच तानाबाई उलट्यासुलट्या चपला घालून मागं हजर.

"ते लिहिलेलं खोड. आम्ही विभक्त हावो."

"कवापासून?"

"तू इकडं वळला तवापासून."

चूल वेगळी तर घरकुल वेगळं, अशी गल्लीची पक्की समजूत. त्यात बातमीला पाय फुटले. दुपारपर्यंत अंगणाअंगणात विटा मांडून नव्या चुली उभ्या राहिल्या. लेकानं बापाशी भांडण न करताच वाटणी केली. कोपऱ्यातले म्हातारा-म्हातारी जन्मभर एका ताटात जेवलेले. तेही एकमेकांकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "आमचेबी दोन धर."

प्रसेनजित घाबरून घरी पळाला. बघतो तर काय, त्यांच्याच घरात राहणारी समताकाकू गोठ्याजवळ वेगळी चूल फुंकत होती. वरण एकाच पातेल्यात शिजलं होतं, फोडणी मात्र दोन ठिकाणी चालली होती.

"काकू, तू बी?"

"तू तुह्या घरात जाय, माह्यासंगं नको बोलू. आपन येगळे हावो."

तो ओसरीवरच्या बापाकडे धावला. "बाबा, आईची शपथ, मी कोनताच सर्वे करून नाही राह्यलो. माहा पेपर हाय."

किसनरावांनी त्याला नीट न्याहाळलं. पोरगं घरच्यांनाही थांग लागू देत नाही, हे पाहून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला. "असाच पक्का राह्य," त्यांनी पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरला पेपर हातात पडला आणि प्रसेनजितची कळी खुलली. संयुक्त आणि विभक्त कुटुंबातला फरक, उदाहरणांसह. उदाहरणं तर गल्लीभर होती. त्यानं पुरवण्या मागून मागून लिहिलं. येताना एसटीत खिडकीशी बसून तो गाणं गुणगुणत होता.

गल्लीत पाय ठेवला तर सगळे दारात बसलेले. पेपर कसा गेला, हे कुणी विचारलं नाही.

"सकाळी एक मॅडम आल्ती," तानाबाई म्हणाल्या. "घरकुलाच्या सर्वेची. टॅब होता तिच्यापाशी."

"मंग?"

"मंग काय. म्या म्हनलं, बाई, उन्हाची काऊन फिरतं? आमच्या पोरानं कालच केला सगळा सर्वे. चहा पाजला अन् गाडीत बसवून देलं."

"अन् ते काय म्हने?"

"काय म्हनंन? खूश झाली. एक गल्ली कमी झाली म्हने. मांगून ग्रामपंचायतीत विचारलं तं समजलं, तुह्या सर्वेचा तिथं पत्ताच नाही."

प्रसेनजितनं बापाकडे पाहिलं. "बाबा, पन मी पास होतो. पक्का."

"होशीन. म्या मामाले फोन केला."

"काऊन? पास होऊन राह्यलो ना."

"गल्ली शांत होईस्तोवर तिकडंच राह्य. बांबू वाहता वाहता बारावीचं वाच." किसनरावांनी भरलेली पिशवी त्याच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. "अन् तिकडं कोनाले काही इचारू नको."