थोरल्या जोडगाडीचा रेग्युलेटर

"बसतोय न्हवं जागेवर? मंग लावा," भुजंग म्हणाला.

कचरू मिस्त्रीनं हातातला रेग्युलेटर उलटसुलट करून पाहिला. डायनमोची वीज बॅटरीला बेतानं पाजायची, हे त्या डब्याचं काम. भुजंगच्या फटफटीचा डबा सकाळीच जळाला होता. जालन्यातल्या मस्तगडच्या त्या दुकानात दुसरा होता, पण तो लढाईतून मोडीत आलेल्या एका जोडगाडीचा, म्हणजे बाजूला बैठक जोडलेल्या थोरल्या फटफटीचा.

"थोरल्या गाडीचा हाय, मालक. तिची बॅटरी दुप्पट ताकदीची."

"मंग आपल्या गाडीला ताकदच येईल की."

"ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई," कचरू म्हणाला आणि त्यानं स्क्रू आवळून टाकले.

भुजंगला घाई होती. पहिल्या दिवाळसणाला नंदाबाईला घेऊन दिवेलागणीच्या आत टेंभुर्णीला पोचायचं होतं. सासरे धर्मराज यांनी अट घातली होती की, लेकीला घेऊन फटफटी गावच्या वेशीपर्यंत आली तर ठेवायची, वाटेत बसली तर विकून बैलजोडी घ्यायची. बायकोच्या खालोखाल भुजंगचा जीव फटफटीवर होता. नंदाबाईच्या मते हा क्रम उलटा होता.

जालना सुटलं तोवर सगळं बराबर होतं. ऊन उतरल्यावर भुजंगनं उगीच ऐट म्हणून दिवा लावला, तर उजेड असा पांढराफेक की समोरचे गाडीवान अंमलदार आला समजून बैल शेतात घालू लागले. वेग वाढवला की दिवा आणखी फुलायचा. मग भुजंगनं वेग वाढवतच नेला.

"अवं, खालून कायतरी शिजल्यावानी वास येऊन राह्यला," घोंगडीची घडी घालून मागं बसलेली नंदाबाई म्हणाली.

"इंजिन तापलंय."

"अन् बुडबुड कशाची?"

"गाडी खुशीत हाय."

बॅटरी त्याच्या बुडाखालीच होती. दुप्पट वीज पिऊन ती उकळत होती आणि झाकणाच्या भोकांतून तेजाब उडवत होती. मांडीला ओल लागली, ती भुजंगनं घामात जमा केली. वेशीशी आल्यावर दिवा एकदा लखकन पेटला आणि फुटला. गाडी मात्र थांबली नाही.

धर्मराज वाट पाहतच होते. त्यांनी आधी लेकीकडं बघितलं, मग चाकांकडं.

"पोचली म्हणायची," ते कडू तोंडानं म्हणाले.

ओसरीवर पाट, भोवती रांगोळी, आणि आळीतल्या सगळ्या बायका जावई बघायला जमलेल्या. भुजंग सासऱ्यांनीच लग्नात दिलेलं जरीकाठी धोतर नेसला होता. तो ऐटीत सासूबाई तुळजाबाईंच्या पाया पडायला वाकला. मागं टर्र झालं. घाबरून ताठ झाला, तर पुढं टर्र झालं. पाटावर बसेपर्यंत धोतराचे भिजल्या पापडासारखे तुकडे पडत गेले आणि कमरेशी जरीचा काठ तेवढा राहिला.

बायकांनी तोंडाला पदर लावले. तुळजाबाईंनी सगळं ओवाळणं आढ्याकडं बघत उरकलं. जावयाऐवजी एकदा खांबाला ओवाळलं. शेवटी नंदाबाईनं आपल्या बुडाखालची घोंगडी आणून त्याच्यावर टाकली. लोकरीला तेजाबानं काही केलं नव्हतं.

"खुशीत हाय गाडी," ती हळूच म्हणाली.

भुजंगनं मनाशी हार मानली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याजवळ गाठून तो सासऱ्यांना म्हणाला, "मामा, बैल बघा. इकतो फटफटी."

"का म्हून? येशीपर्यंत आल्ती की."

"पर धोतर..."

"धोतराचं बोलणं कुठं झाल्तं?" धर्मराजांनी न्हाणीकडं कानोसा घेतला. तेव्हा भुजंगच्या लक्षात आलं, सासऱ्यांनी कमरेला ती घोंगडी घट्ट गुंडाळली होती.

"जावईबापू, मला बी मारुतीच्या देवळापर्यंत एक चक्कर मारून आणा. जल्दी. तुमच्या सासूबाई न्हाऊन निघायच्या आत."