बुरशीचा अकरावीचा फॉर्म

रंगराव सातपुत्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमधली बाथरूमची बुरशी दहावीला एक्क्याऐंशी टक्क्यांनी पास झाली, आणि बुरशीला एवढं शिकवणारा घरमालक अख्ख्या मिरजेत दुसरा नाही. म्हणजे शिकवलं भाडेकरू टेंबे मॅडमनी. रंगरावांनी फक्त पाइप दुरुस्त केला नाही.

मॅडम शाळेत गणिताच्या बाई. अंघोळ करताना त्या दिवसाचा धडा मोठ्यानं म्हणायची त्यांची सवय. बुरशीनं तो रोज ऐकला आणि मनावर घेतला. परीक्षेला केंद्रानं बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून पर्यवेक्षक बसवला. उत्तरं भिंतीवर उमटली. अक्षर पसरट म्हणून चार गुण गेले, तेवढंच.

निकालापर्यंत तिला कुणी आपलं म्हणत नव्हतं. मॅडम म्हणायच्या, "काका, पाइप तुमचा गळतो, बुरशी तुमची. रंग लावून द्या." रंगराव म्हणायचे, "खिडकी तुम्ही उघडत नाही, बुरशी तुमची. घासून काढा." दोघांनी एकमेकांना तसं लेखीही दिलं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी रंगरावांनी गल्लीत पेढे वाटले आणि चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर बुरशी लहान आणि रंगराव मोठे होते, पण ती रीतच आहे. सातपुत्यांच्या तीन पिढ्यांत फ्लेक्स लागण्याजोगं कुणी काही केलेलं नव्हतं. रंगराव दिवसातून चार वेळा चौकातून जायचे, आणि वर बघायचे नाहीत.

पेच पडला तो अकरावीच्या प्रवेशाला. संस्थेनं मॅडमची चिपळूणला बदली केली, आणि त्या बुरशीला टाइलसकट बरोबर नेणार होत्या. चिपळूणचा दमटपणा रंगराव ऐकून होते. तिथं गेलेली बुरशी मिरजेला कशाला परत येते? त्यांना दोन दिवस घास गेला नाही.

कॉलेजचे क्लार्क माळी भाऊसाहेब फॉर्म घेऊन बाथरूममध्येच आले. पॅन्ट दुमडून पालथ्या बादलीवर बसले.

"पालक कोण?"

"मी," दोघंही म्हणाले.

"पुरावा?"

"पाइप माझा गळतो!" रंगराव छाती काढून म्हणाले. "अठरा वर्षं गळतोय. तीन प्लंबर दारातून परत पाठवलेत, विचारा कुणालाही."

"आणि मी अकरा महिन्यांत ही खिडकी एकदा तरी उघडली असेल तर शप्पथ," मॅडम म्हणाल्या. "ओले टॉवेलसुद्धा आतच वाळत घातलेत."

"पण मॅडम, टाइल माझी."

"टाइल तुमची, तिच्यावरची बुरशी माझी. तुमच्याच पत्रात आहे, काका."

भाऊसाहेबांनी दोन्ही पत्रं वाचली, उलटी करून मागची बाजूही पाहिली. "हयगय दोघांची सारखीच दिसते," ते म्हणाले. "कुणी तसूभर कमी नाही. अशा वेळी उमेदवाराला विचारायचं, असा नियम आहे."

तिघं भिंतीकडे वळले. रंगराव एक पाऊल पुढे सरकले.

"पोरी, तुला काही कमी पडू दिलं का? इथंच राहा. टाकीचा पाइपही गळायला सोडतो. रंगाऱ्याला जिना चढू देत नाही. माझं नाव लाव, एवढंच. कॉलेजच्या फॉर्मवर सातपुते हे नाव कधी चढलं नाही गं."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग गिझरच्या खाली एकेक ओळ उमटत गेली.

"मॅडमना मी दर रविवारी पत्र लिहीन. फॉर्मवर नाव तुमचं घाला. पण त्याच्या खाली पालकाचं शिक्षण विचारलंय, आणि तिथं 'नववी नापास' असं मी तुम्हाला लिहू देणार नाही. स्टूल घेऊन या, काका, बीजगणितापासून धरू. आणि दार लावून घ्या, मला वारा सोसत नाही."