डाव्या कुशीचं गिऱ्हाईक

तुम्ही डाव्या कुशीवर झोपता की उजव्या? आणि हे तुम्हाला याआधी कोणी विचारलं होतं?

उत्तर तयार ठेवा. ते दिल्याशिवाय मेश्रामकाका तुम्हाला गोधडी विकणार नाहीत. तुम्ही दुप्पट पैसे द्या, हातापाया पडा, नाही म्हणजे नाही. "मले पलंगाचं माप नाई पायजे," ते म्हणतात, "झोपनाऱ्याचं पायजे."

काका रेल्वेत होते. तीस वर्षं त्यांनी डब्यांतल्या बर्थच्या गाद्या शिवल्या. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीपायी जयपूरला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर रेल्वेचं क्वार्टर सोडलं, खातीपुऱ्याला दोन खोल्या बांधल्या आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला बसले. जयपुरात! जिथली रजई घडी करून पिशवीत घातली तर पिशवीला पत्ता लागत नाही, त्या शहरात हा माणूस चार किलोची गोधडी विकतो. कुणी रजईचं कौतुक केलं की काका सुईवरून नजर न काढता म्हणतात, "रजई म्हंजे पाहुनी. गोधडी म्हंजे घरचं मानूस."

मी त्यांना जन्मापासून ओळखते. माझे बाबा आणि ते एकाच कॉलनीत राहिले. बाबा पत्रकं काढायचे. पाण्यासाठी पत्रक, बढतीसाठी पत्रक, जयंतीला पत्रक. शाळेत मला हिंदी शिकवली. मराठी वाचायला मी बाबांच्या पत्रकांवर शिकले. माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं. त्यामुळे साधा निरोप लिहिला तरी माझ्या हातून शेवटी उद्गारचिन्ह पडतं.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी काका आमच्या दारात उभे राहिले. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. हातात शाळकरी वही होती.

"क्रांती, मले वेबसाइट पायजे."

मला आनंद झाला. म्हटलं, एका हातकारागिराची भांडवलशाहीशी थेट लढत! लगेच पहिल्या पानाचा मजकूर लिहून दिला: 'बंधू-भगिनींनो, यंत्राच्या रजईने तुमची झोप हिसकावून घेतली आहे! जागे व्हा!'

काकांनी चष्मा लावून वाचलं. "काहून वं," ते म्हणाले, "मोर्चा नेऊन राहिली का गोधडी इकून राहिली? झोपायची वस्तू हाय आन् म्हंते जागे व्हा."

मजकूर गेला. मग नावावरून भांडण झालं. मी म्हटलं, 'जयपूर गोधडी' ठेवू, लोक तेच शोधतील. काकांनी वही उघडून दाखवली. तिथे आधीच लिहून आणलं होतं: 'क्वार्टर नंबर बहात्तर'.

"काका, हे तुमचं जुनं क्वार्टर. गोधडी हवी असलेला माणूस असं कशाला शोधेल?"

"ज्याले शोधायचं तो शोधीन."

"मतलब, गिऱ्हाईक नकोच आहे तुम्हाला?"

"पायजे ना. एक पायजे."

मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

ऑर्डरच्या फॉर्मवर तर आमचं आठवडाभर जुंपलं. मला हवे होते नाव, पत्ता, फोन. काकांना हवं होतं: कोणत्या कुशीवर झोपता? पाय पांघरुणात ठेवता की बाहेर? गुडघे पोटाशी घेता का? डोक्यावरून ओढून घेता का? कापड कोणाचं, आणि ते माणूस आहे की गेलं?

"हा माणसाच्या खासगी आयुष्यावर घाला आहे!" मी म्हणाले.

"शिंपी छातीचं माप घेते तवा नाई वरडत कोनी," काका म्हणाले. "ज्या कुशीवर मानूस झोपते, तिकडच्या गालाखाली सर्व्यात जुनं कापड याले पायजे. मऊ. मले मालूम नाई तर मी ते कुठं लावू?"

हे खरं होतं, म्हणून मी ते सगळे प्रश्न फॉर्मवर चढवले. फॉर्म तयार झाल्यावर चालतो का हे पाहायला एक खोटी ऑर्डर भरायची असते. मी म्हटलं, सांगा काहीही. काका खिडकीकडे बघून सांगू लागले. एकदाही अडले नाहीत. उंची पाच फूट एक. डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी. पाय बाहेर. थंडीतही पाय बाहेर.

"आणि नाव?"

"नाव राहू दे."

नंतर मी ती ऑर्डर पुसायला गेले तर काकांनी माझं मनगट धरलं. "काढू नको. ते नमुना म्हनून ठेव."

सगळ्यात वैताग आणला तो फोटोंनी. अकरा गोधड्यांचे फोटो काढले. काकांनी पेटीतून बारावी आणली, ही पहिल्या पानावर मोठी लाव म्हणाले. काकूंच्या साड्या मी ओळखल्या: हिरवी, किरमिजी, आणि ती पांढऱ्या ठिपक्यांची, जी नेसून त्या नळावर भांडायच्या. मध्ये एक निळा चौकोन, शाळेच्या गणवेशाचा. खाली लिहायचं होतं, 'विक्रीसाठी नाही.'

"काका, विकायचं नाही ते दुकानाच्या दारात टांगणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे."

"पाहू दे ना लोकायले. पाहायले पैसे पडते का?"

वेबसाइट सुरू झाली आणि आश्चर्य म्हणजे ऑर्डरी आल्या. तेव्हा काकांची दुसरी खोड अडचणीत आली. काका गोधडी पूर्ण शिवतच नाहीत. एका कोपऱ्यात चार बोटं शिवण उघडी ठेवतात आणि दोरा ओवलेली सुई तिथेच खोचतात. शेवटचे सात टाके घेणाऱ्याने स्वतः घालायचे. "त्याचा हात लागल्याबिगर त्याची कशी होईन ते?" घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते समोर बसवून टाके घालायला लावत. आता गोधडी कुरियरने जाणार. काकांनी सुईसकट गाठोडं बांधलं.

"अंकलजी, सुई नहीं जाएगी," कुरियरवाला म्हणाला. "किसी के हाथ में घुस गई तो?"

दुसऱ्या दिवशी काकांनी सुई काडेपेटीत घालून दिली. तो बिचारा काडेपेटी बघून दोन पावलं मागे सरला. शेवटी साबणाच्या वडीत खोचून सुई गेली. जयपुरातल्याच सोडाल्याची एक शिक्षिका टाके घालून खास दाखवायला आली. आपल्या सासूच्या साड्यांची गोधडी होती तिची. सातवा टाका घालताना रडू आलं म्हणाली. एकाने मात्र वेबसाइटवर शेरा लिहिला: 'गोधडी अच्छी है, पर दुकानदार सवाल बहुत पूछता है।'

रोज सकाळी नऊला काकांचा फोन यायचा. "कोनी फारम भरला का?"

मी वाचून दाखवायची. काका नाव ऐकत नसत, गाव ऐकत नसत.

"कूस सांग."

"उजवी."

"बरं."

"दुसरी ऑर्डर. डावी."

मग काका घाईने विचारायचे, "आन् पाय?"

"पाय आत."

"बरं." आणि फोन ठेवून द्यायचे. मी बाबांना म्हणायची, असा धंदा करणारा माणूस अख्ख्या राजस्थानात दुसरा नसेल. बाबा हसत नसत. वर्तमानपत्र उलटत राहत.

या थंडीत काकांचा उजवा अंगठा बधिर झाला. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, एवढ्या वर्षांच्या सुईने. सुई हातातून पडायची आणि पडलेली कळायचीही नाही. अर्धवट गोधड्या त्यांनी शेजारच्या बायकांकडून पुऱ्या करून घेतल्या. नवीन ऑर्डर बंद. आणि नेमकी वेबसाइटची मुदत संपत आली.

मी गेले आणि सरळ म्हणाले, "काका, आता बंद करू या."

"दुकान बंद," काका म्हणाले. "पाटी नाई."

"जे मिळत नाही त्याची पाटी ठेवायची? लोक फॉर्म भरतील, वाट बघतील. हे तत्त्वाला धरून नाही."

"तत्त्व!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचं कुत्रं उठून बसलं. मग ते स्वतःच खाली बसले. पेटी उघडून त्यांनी ती बारावी गोधडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. कोपरा उघडा होता. सुई खोचलेली होती.

"सुई दर सहा महिन्याले बदलतो," ते म्हणाले. "गंजते."

मी निळ्या चौकोनावर हात ठेवला. एका क्षणात सगळं कळलं आणि आधी का कळलं नाही याची लाज वाटली. काकांची मुलगी, वनिताताई. माझ्या वेण्या घालणारी, मराठी बोलताना मध्येच हिंदीवर घसरणारी. मी अकरा वर्षांची असताना ती दिसेनाशी झाली. कॉलनीत सगळे म्हणायचे, बाहेरगावी असते. मी पुढे कधी विचारलं नाही.

"ती डाव्या कुशीवर?"

"लहानपनापासून. मी ड्युटीवरून पहाटे येऊन तिचे पाय झाकायचो. कपडे बदलून येऊस्तोवर पुन्हा बाहेर."

मग काकांनी सांगितलं. वनिताताईने एक मुलगा घरी आणला होता, इथलाच, सीतापुऱ्याच्या कारखान्यात कापड कापणारा. ज्या जातीला आमच्यातलेही काही लोक आपल्याखालचं समजतात, त्या जातीचा. काकू चहा करत होत्या. काका स्वयंपाकघरात गेले आणि कप काढले.

"तीन कप चांगले काढले," ते म्हणाले. "आन् एक खिडकीतला. कान तुटलेला. माया बापाले गावात असाच कप ठेवत होते, दाराबाहेर, वळचनीले. मी लहान होतो, धुवून ठेवायचो तो. मी, वं क्रांती! जातीपातीवर भाषनं केली मी आयुष्यभर. आन् हात त्या कपाकडंच गेला. मी त्याच्यापुढं ठेवला."

"मग?"

"पोरीनं पाह्यलं. त्याच्या हातातून तो कप घेतला आन् सोता प्याली, आख्खा. धुवून पुन्हा खिडकीत ठेवला. आन् दोघं उठून गेले."

तेरा वर्षं झाली. तिचा जुना फोन नंबर बंद आहे. त्या मुलाने कारखाना सोडला. काकू गेल्या तेव्हा कळवायलाही पत्ता नव्हता. क्वार्टर सुटलं, आता ती आली तरी तिथे दुसऱ्याचं कुलूप. तिला माहीत असलेली एकच गोष्ट उरली होती, क्वार्टरचा नंबर. तो काकांनी वेबसाइटवर लावला. काकूंच्या साड्या लावल्या. आणि फॉर्ममध्ये असे प्रश्न ठेवले, की तिने नाव खोटं लिहिलं तरी त्यांना ती ओळखू यावी.

माझ्या तोंडाशी खूप वाक्यं आली, सगळी उद्गारचिन्हाची. ती गिळून मी गोधडी घडी करून पेटीत ठेवली. घरी येऊन बाबांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "होतं." नळाच्या पाण्यावर पत्रक काढणाऱ्या माझ्या घरातून त्या कपावर कधीच एक ओळही निघाली नव्हती.

म्हणून हे पत्रक मी काढते आहे. वेबसाइटची मुदत वाढवली आहे. सकाळी नऊचा फोन अजून येतो. आणि तुमच्याकडे माझी एक विनंती आहे, वाचून ठेवून देऊ नका.

तुमच्या इमारतीत, कारखान्यात, मुलांच्या शाळेबाहेर पस्तिशीच्या आतबाहेरची एक ठेंगणी बाई असेल. जयपुरात वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी, नाव वनिता. थंडीत पाय बाहेर काढून झोपते का, हे तिच्या घरच्यांना विचारा. हसतील, पण विचारा. ती असेल तर तिला समजावू नका, वडिलांना माफ कर असंही म्हणू नका. ते काकांनी स्वतः म्हणायचं आहे आणि तिने ऐकायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं आहे. तिला फक्त 'क्वार्टर नंबर बहात्तर' एवढं शोधायला सांगा.

आणि सांगा, सात टाके बाकी आहेत. सुई नवी आहे.